सर क्रीक : चिखलाच्या खाडीसाठी दोन देश का भांडतात?

बडोद्यातील आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांनी कच्छची सहल केलेली आहे. भूज, पांढरे रण आणि शेवटी नारायण सरोवर-कोटेश्वर. कोटेश्वराच्या देवळापासून जे पाणी दिसते ती कोरी खाडी. तिच्या पश्चिमेला, दलदलीच्या पलीकडे, सुमारे ९६ किलोमीटर लांबीची आणखी एक खाडी आहे, ती सर क्रीक. तिच्या काठी वस्ती नाही, शेती नाही. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. तरीही तिथली भारत-पाकिस्तान हद्द आजतागायत ठरलेली नाही.

देशादेशांत सीमेवरून वाद का होतात, या प्रश्नासाठी आम्ही हेच उदाहरण निवडले आहे. एक तर ते आपल्या गुजरातेतले आहे आणि दुसरे म्हणजे अशा वादांची बहुतेक कारणे त्यात एकत्र सापडतात.

कागद एक, अर्थ दोन

बँकेत गहाणखत तपासताना आम्ही आधी चतुःसीमा पाहत असू. पूर्वेला काय, पश्चिमेला काय. चतुःसीमेत ‘ओढा’ लिहिलेला असेल तर लगेच प्रश्न यायचा : ओढ्याचा अलीकडचा काठ, पलीकडचा काठ, की मध्य? सर क्रीकचा वाद नेमका हाच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कच्छचे राव आणि सिंधचे प्रशासन यांच्यात या भागावरून तंटा झाला. त्याची सुरुवात खाडीकाठच्या सरपणावरून झाली असे सांगतात. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून १९१४ साली मुंबई सरकारने ठराव करून तो मिटवला. सोबतच्या नकाशात हद्दीची हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने काढलेली आहे. पाकिस्तान ती रेघ दाखवून म्हणतो, अख्खी खाडी आमची. भारत त्याच ठरावातील दुसऱ्या परिच्छेदाकडे बोट दाखवतो. त्यात जलमार्गाच्या मध्याचा उल्लेख आहे. शिवाय १९२५ च्या नकाशात हद्द खाडीच्या मधोमध आहे, असे भारताचे म्हणणे आहे.

नौका चालण्याजोग्या पाण्यात हद्द मुख्य प्रवाहाच्या मध्यातून धरावी, असे आंतरराष्ट्रीय तत्त्व आहे. त्यावर पाकिस्तान म्हणतो, ही खाडी नौकानयनाची नाहीच. भारत म्हणतो, भरतीच्या वेळी मच्छीमार नौका इथे सर्रास चालतात.

ठराव झाला तेव्हा दोन्ही बाजूंवर सत्ता एकाच साम्राज्याची होती. रेघ इकडे-तिकडे झाली तरी फारसे बिघडत नव्हते. १९४७ मध्ये तीच रेघ दोन देशांची सरहद्द झाली. जगातील अनेक सीमावाद असेच जुन्या राजवटीच्या कागदांतून निघालेले आहेत.

त्यात निसर्गाची भर पडते. रस्ता जागचा हलत नाही, पण खाडी गाळ टाकत आपले पात्र बदलते. मग हद्द तेव्हाच्या खाडीची धरायची की आजच्या, हा आणखी एक प्रश्न.

खरे मोल समुद्रात

चिखलाला किंमत नसली तरी खाडीच्या मुखाला आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, देशाचा प्रादेशिक समुद्र असतो. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासे, तेल, वायू अशा संपत्तीवर त्या देशाचा आर्थिक हक्क असतो. शेजारी देशांची समुद्रातील हद्द त्यांची जमिनीवरची हद्द जिथे किनाऱ्याला टेकते तिथून मोजायला सुरुवात होते.

उदाहरणापुरता एक हिशेब करू. आरंभबिंदू ५ किलोमीटर सरकला आणि तेवढेच अंतर ३७० किलोमीटरपर्यंत कायम राहिले, तर १,८५० चौरस किलोमीटर समुद्र इकडचा तिकडे होतो. प्रत्यक्ष आखणी इतकी सरळ नसते, पण मुद्दा ध्यानात येतो.

सुरक्षेचा प्रश्न वेगळाच. १० ऑगस्ट १९९९ रोजी याच भागात भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचे टेहळणी विमान पाडले होते.

भुर्दंड कोणाला?

पाण्यात हद्दीचे खांब नसतात. पोरबंदर, ओखा, वेरावळच्या नौका माशांमागे जातात आणि पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागतात. त्यांवर काम करणारे खलाशी आपल्या पालघर जिल्ह्यातलेही असतात. तिकडचे मच्छीमार आपल्याकडे पकडले जातात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. मात्र शिक्षा संपल्यावरही नागरिकत्वाची खातरजमा होईपर्यंत सुटका लांबते. नौका जप्त होते ती वेगळीच. कर्जाऊ नौका गेली तरी हप्ते थांबत नाहीत, आणि कमावता माणूस कराचीच्या तुरुंगात असतो.

मार्ग निघतो का?

निघतो, आणि तोही याच कच्छमध्ये निघालेला आहे. १९६५ च्या एप्रिलमधील चकमकींनंतर ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने कच्छच्या रणाचा वाद लवादाकडे गेला. १९ फेब्रुवारी १९६८ च्या निवाड्यात वादग्रस्त रणाचा सुमारे ९० टक्के भाग भारताला मिळाला. छाड बेटासह उरलेला भाग पाकिस्तानकडे गेला. देशात मोठा विरोध झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, पण भारताने निवाडा पाळला. सर क्रीक मात्र त्या लवादाच्या कक्षेबाहेर ठेवली गेली होती.

बंगालच्या उपसागरातही असेच झाले. ७ जुलै २०१४ च्या लवाद निवाड्यात सुमारे २५,६०० चौरस किलोमीटर वादग्रस्त समुद्रापैकी साधारण १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशला मिळाला. भारताने तोही मान्य केला आणि तिथल्या मच्छीमारांना हद्द कळली.

सर क्रीकबाबत २००७ मध्ये दोन्ही देशांनी एकत्र मोजणी केली, २०१२ मध्ये चर्चाही झाली. आधी समुद्राकडून हद्द आखू, असे भारताने सुचवले होते. पाकिस्तानला आधी खाडीचा निर्णय हवा आहे. मोजणी झाली, नकाशे तयार आहेत. मात्र देशांतील इतर वैमनस्य निवळल्याशिवाय सह्या होत नाहीत.

पुढच्या वेळी कोटेश्वरला गेलात तर मुलांना पश्चिमेकडे बोट दाखवून ही हकीकत जरूर सांगा. आणि कच्छच्या समुद्रात मच्छीमार पकडल्याची बातमी वाचाल तेव्हा चूक कोणाची हे ठरवण्याआधी एवढे लक्षात असू द्या, की त्या ठिकाणी सीमा कुठे आहे यावर दोन सरकारांचेच अजून एकमत नाही.