ट्रॅक्टर दारी येण्यापूर्वी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, अशी त्या काळच्या शेतकऱ्याची समजूत होती. यंत्राविषयीचा तो संशय आता पार मावळला आहे. आणि त्याची जागा बऱ्याचदा घाईने घेतली आहे. दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर ट्रॅक्टर दारात येतो, त्याला कुंकू लागते, हार चढतो, पेढे वाटले जातात. तो नेमक्या कोणत्या कामासाठी आणला आणि वर्षातून किती तास चालणार, याचा विचार मात्र पुष्कळ घरांत पहिला हप्ता थकल्यानंतर सुरू होतो.

हा विचार आधी करणे आता अपरिहार्य झाले आहे, कारण जमीन लहान झाली आहे. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील वहितीखालील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकरांच्या वर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आले. दोन पिढ्यांच्या वाटण्यांनी शेताचा हा संकोच झाला. ट्रॅक्टर मात्र त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. देशात खप मोठा आहे तो ४० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांचा. अलीकडे १५ ते २५ अश्वशक्तीचे, फळबागेच्या दोन ओळींतून सहज फिरणारे छोटे ट्रॅक्टरही अनेक कारखान्यांनी बाजारात आणले आहेत. लहान शेतकऱ्याला ते आपल्या मापाचे वाटतात, आणि एका अर्थाने ते तसे आहेतही. परंतु यंत्र शेताच्या मापाचे असणे आणि ते शेतकऱ्याच्या ऐपतीचे असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

या प्रश्नाशी शहरातील नोकरदाराचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. गावी शेती पाहणाऱ्या भावाला ट्रॅक्टर घ्यावयाचा झाला की, आगाऊ रक्कम पुष्कळदा शिक्षक असलेल्या भावाच्या भविष्यनिर्वाह निधीतून निघते आणि जामीन म्हणून सहीही त्याचीच लागते. वडिलांच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो, तेव्हा त्याच्या झळा वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलालाही पोहोचतात. म्हणून ‘कोणता ट्रॅक्टर घ्यावा?’ हा प्रश्न गावातला असला, तरी त्याचे उत्तर शोधताना कागद-पेन्सिल घेऊन बसण्याची जबाबदारी घरातल्या शिकलेल्या माणसावर येते.

तासांचा हिशेब

हा हिशेब अवघड नाही. समजा, अनुदान वजा जाता ट्रॅक्टर आणि त्याची आवश्यक औजारे मिळून पाच लाख रुपयांना पडली. त्यांपैकी एक लाख पदरचे घातले व चार लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी काढले, तर वर्षाला सुमारे ८५ हजारांची फेड होते. विमा, तेलपाणी, टायर आणि दुरुस्ती यांचे १५ हजार धरले, तर ट्रॅक्टर नुसता दारात उभा राहिला तरी वर्षाला एक लाख रुपये खातो. पदरच्या लाखाचे व्याज यात धरलेलेच नाही. तो चालू लागला की तासाला सव्वादोन लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने दोनशे रुपये, आणि चालविणाऱ्याची मजुरी शंभर, असे तीनशे रुपये लागतात. तेच काम भाड्याने करून घेण्याचा दर तासाला आठशे रुपये धरला, तर घरच्या ट्रॅक्टरमुळे तासामागे पाचशे रुपये वाचतात. एक लाखाचा स्थिर खर्च अशा बचतीतून भरून निघावयाचा, तर ट्रॅक्टर वर्षातून निदान दोनशे तास चालला पाहिजे. गावोगावचे दर निराळे असतील. त्याप्रमाणे आकडे बदलावेत, रीत हीच ठेवावी.

आता पाच एकरांच्या कोरडवाहू शेतात किती तासांचे काम निघते ते पाहावे. एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटर वेगाने चालविला आणि वळणांत, थांबण्यात जाणारा वेळ वजा केला, तर तासाला अर्ध्या एकराहून थोडे अधिक काम होते. म्हणजे पाच एकरांची एक पाळी सुमारे नऊ तासांची. अशा दोन पाळ्या, पेरणी, दोन-तीन कोळपण्या आणि मालाची थोडी वाहतूक धरली, तरी बेरीज साठ तासांच्या पलीकडे क्वचितच जाते. साठ तासांचे भाडे झाले असते ४८ हजार रुपये. स्वतःच्या ट्रॅक्टरने तेच काम एक लाख अठरा हजारांना पडते. वर्षाची ही सत्तर हजारांची तूट सात वर्षांत पाच लाखांच्या घरात जाते, म्हणजे ट्रॅक्टरच्या किमतीएवढी होते. सात वर्षांनंतर ट्रॅक्टर कर्जमुक्त होतो आणि त्याला काही किंमत उरते, हे खरे. परंतु ती किंमत ही तूट भरून काढण्याइतकी नसते.

याउलट नाशिक किंवा तासगावकडील पाच एकरांच्या द्राक्षबागायतदाराचा हिशेब वेगळा होतो. बागेत हंगामभर औषधफवारणीच्या फेऱ्या चालू असतात. पन्नास फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला तीन-चार तास धरले, तरी केवळ फवारणीतच दीडशे ते दोनशे तास होतात. शिवाय पावसानंतर फवारणी एक दिवस लांबली तर करप्याने किंवा डाऊनीने हंगाम जाण्याची भीती असते. जमीन तेवढीच, ट्रॅक्टर तोच. एकाला तो परवडतो, दुसऱ्याला बुडवितो. तात्पर्य, खरेदीचा निर्णय एकरांवर नव्हे, तर तासांवर घ्यावयास हवा.

वाफशाची अडचण

यावर शेतकऱ्याचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडेल; पण तो वेळेवर येतो कोठे? काळ्या जमिनीत पावसानंतर वाफसा येतो आणि चार-सहा दिवसांत निघून जातो. तेवढ्यात पेरणी साधली नाही तर पुढचे सारे गणित चुकते. त्या चार दिवसांत ट्रॅक्टरवाल्याकडे चाळीस शेतकऱ्यांच्या चकरा चालू असतात आणि दोन एकरवाल्याचा क्रमांक शेवटी लागतो. शेतकरी कर्ज काढतो ते बऱ्याच वेळा प्रतिष्ठेसाठी नव्हे, तर हे आर्जव टाळण्यासाठी. हिशेबाच्या वहीत या अगतिकतेचा रकाना नसतो, म्हणून ती खोटी ठरत नाही.

परंतु या अडचणीवर एकट्याने कर्ज काढणे हा एकच उपाय नाही. ज्यांच्या घरी एकेकच बैल असे दोन शेतकरी आपापले बैल एकत्र जुंपून आळीपाळीने दोघांची शेते करीत. त्यालाच वारंगुळा म्हणत. सावड आणि इर्जिक हेही महाराष्ट्राच्या खेड्यांत रुळलेले शब्द आहेत. हीच रीत यंत्राला लावली तर काय होते ते पाहावे. पाच-पाच एकरांच्या चौघा शेजाऱ्यांनी मिळून एक छोटा ट्रॅक्टर घेतला, तर वर्षाचे तास होतात दोनशे चाळीस, म्हणजे खर्च भरून निघण्याइतके. वाफशावर चौघांची मिळून वीस एकरांची एक पाळी छत्तीस तासांत, म्हणजे चार दिवसांत उरकते. चाळिसांच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा चौघांत पाळी ठरविणे सोपे आहे. मात्र कोणाची पाळी केव्हा, डिझेल कोणाचे, मोडतोड झाली तर खर्च कोणाचा, हे सारे आधी लिहून ठेवावे. भाऊबंदकीत तोंडी करार पहिल्या पावसातच वाहून जातो.

यंत्राची पारख

तासांचा हिशेब जुळला, एकट्याचा असो वा चौघांचा, की मगच यंत्राच्या पारखीचा प्रश्न येतो. विक्रेता इंजिनाची अश्वशक्ती सांगतो. शेतकऱ्याने विचारावी ती पी.टी.ओ.वर, म्हणजे औजार फिरविणाऱ्या दांड्यावर मिळणारी शक्ती. इंजिनाच्या शक्तीचा सुमारे सहावा-सातवा हिस्सा वाटेतच खर्ची पडतो. वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला तीन फुटी रोटाव्हेटर शोभतो. पाच फुटी लावला तर इंजिन दमते आणि डिझेल जळते. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून कार्यरत असलेली केंद्र सरकारची कृषियंत्रांच्या प्रशिक्षणाची व परीक्षणाची संस्था ट्रॅक्टरांची रीतसर चाचणी घेते. पी.टी.ओ.ची शक्ती, ओढण्याची ताकद, डिझेलचा खप, उचलण्याची क्षमता हे सारे तिच्या अहवालात आकड्यांनिशी असते. रंगीत पत्रकापेक्षा हा कंटाळवाणा अहवाल अधिक विश्वासाचा. तो मिळवून वाचणे हे शिकलेल्या भावाचे काम.

दुसरी गोष्ट, जमिनीची जात आणि ओळींतील अंतर. उन्हाळ्यात दगडासारख्या झालेल्या काळ्या रानाची खोल नांगरट छोट्या ट्रॅक्टरकडून होत नाही. हलके यंत्र जागच्या जागी चाके फिरवीत राहते. पण वर्षातून एकदा लागणाऱ्या त्या कामासाठी मोठा ट्रॅक्टर घेणे म्हणजे पंगतीच्या पातेल्यासाठी रोजची चूल मोठी बांधण्यासारखे आहे. नांगरट भाड्याने करावी. फवारणी, आंतरमशागत, रोटाव्हेटर घरच्या यंत्राने. ट्रॅक्टरची रुंदी पिकाच्या ओळींत प्रत्यक्ष फिरवून पाहावी. नागपूर-अमरावतीच्या संत्राबागांत खाली वाकलेल्या फांद्यांमुळे रुंदीइतकीच उंचीही महत्त्वाची ठरते. कोकणातील लहान भातखाचरांत तर चार चाकांपेक्षा दोन चाकांचा, मागून चालत चालविण्याचा पॉवर टिलरच सोयीचा आणि स्वस्त. ओलसर किंवा चढाच्या जमिनीत चारही चाकांना जोर देणारा ट्रॅक्टर महाग असला तरी उपयोगी पडतो. मात्र अरुंद ट्रॅक्टर उतारावर लवकर कलंडतो, हे विसरू नये. छोट्या ट्रॅक्टरमागे उसाची मोठी ट्रॉली जोडणे हा तर जिवाशी खेळ आहे; ओढण्याची ताकद असली तरी थांबविण्याची असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट, दुरुस्ती. तालुक्याच्या गावी कारागीर आणि सुटे भाग मिळत नसतील, तर दहा हजारांनी स्वस्त पडलेला ट्रॅक्टर पहिल्याच पेरणीत महाग पडतो. जुना ट्रॅक्टर घेताना ही दक्षता दुप्पट हवी. एच.एम.टी.च्या ट्रॅक्टरांचा एके काळी मोठा लौकिक होता. पण तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. अशा वेळी यंत्र कितीही दणकट असले, तरी त्याचे भाग पुढे कोण पुरविणार, हे विचारलेच पाहिजे. जुन्या यंत्राचा धूर, क्लच, हायड्रॉलिक आणि तासांचे मीटर अनुभवी कारागिराकडून पाहून घ्यावे. आणि आधीच्या मालकाचे कर्ज फिटल्याचा बँकेचा ना-हरकत दाखला हाती आल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

राहता राहिले सवलतींचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर सोडून पाच लाख किंमत असलेल्या ट्रॅक्टरमागे हा पस्तीस हजारांचा दिलासा आहे आणि तो स्वागतार्हच आहे. शासकीय अनुदानाचाही आधार होतो. मात्र पूर्वसंमती मिळण्यापूर्वी खरेदी केली तर अनुदान हातचे जाते, आणि संमती मिळाली तरी पैसा आधी शेतकऱ्यालाच उभा करावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. या सवलतींनी किंमत उतरते. वर्षाचे तास वाढत नाहीत. साठ तासांच्या कामाला दोनशे तासांचे यंत्र घेण्याची चूक सवलतीमुळे थोडी स्वस्त होते, इतकेच.

यंत्राला विरोध करण्याचे हे दिवस नव्हेत. बैलजोडी वर्षभर पोसणे लहान शेतकऱ्याला जड झाले आहे आणि ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत. यंत्राची गरज खरी आहे. पण किर्लोस्करांचा नांगर दोन वर्षे पडून राहिला, तेव्हा नुकसान झाले ते कारखानदाराचे. आज दारात उभा राहणारा ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या जमिनीवर बोजा चढवून उभा असतो. जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी शहरातल्या भावाने गावातल्या भावाशेजारी बसून वर्षाचे तास मोजावेत. दोनशे भरले तर आनंदाने सही करावी. न भरले तर नकार देऊन मोकळे होऊ नये. बांधाला बांध असलेल्या आणखी तिघांना बोलावून पुन्हा मोजावयास बसावे.