पिठाची धूळ आणि हवेचा धक्का

रमजानच्या आधी आमच्या मालवणच्या बाजूला गिरणीवर तांदळाच्या डब्यांची रांग लागते. गेल्या वर्षी आम्ही अशाच रांगेत उभे असताना वीज गेली. आमच्याच नववीतल्या एका पोराने आपला डबा शोधायला लायटर पेटवला. गिरणीवाले चाचा एवढे ओरडले की पोरगा बाहेर पळाला. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. चाचांचेच खरे होते.

ढिगातले पीठ धड पेटत नाही. तेच हवेत दाट उडाले की कणाकणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि भडका उडतो. १४ डिसेंबर १७८५ रोजी इटलीतल्या तुरीन शहरात एका बेकरीच्या कोठारात हेच झाले, निमित्त दिव्याचे. अमेरिकेत मिनियापोलिसची वॉशबर्न गिरणी २ मे १८७८ रोजी उडाली, १८ जण गेले.

पहिला भडका बहुतेकदा छोटाच असतो. घात करतो तो त्याच्यापुढे धावणारा दाब. तुळयांवर साचलेली धूळ तो उडवतो आणि मागून येणाऱ्या आगीला ती आयतीच मिळते. आगीने वेग घेतला की ही लाट आवाजालाही (सेकंदाला सुमारे ३४० मीटर) मागे टाकते. ती शॉक वेव्ह. संशोधक ती बंद नळीत मुद्दाम निर्माण करतात: पातळ पडदा फाटतो आणि दाबलेला वायू पलीकडे सुटतो. लाटेमागची हवा क्षणात पळू लागते, कण मागे राहतात. एसटीने एकदम हिसका दिला की उभ्या माणसांचे होते तसेच! बारीक कण लवकर वेग धरतात, जाड उशिरा. आणि त्यांना ओढता ओढता लाटेचाही जोर ओसरतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत हाताने चालणारी 'रेड्डी ट्यूब' तयार झाली आहे. आमच्या प्रयोगशाळेत तशी एक असती तर!

फ्रान्समधल्या कुरिएरच्या खाणीत १० मार्च १९०६ रोजी कोळशाच्या धुळीने १,०९९ जीव घेतले. त्यावर उतारा निघाला तोही धुळीचाच. खाणीत चुनखडीची पूड पसरतात, फळ्यांवर रचून ठेवतात. स्फोटाची लाट आधी पोहोचते, फळ्या उलथतात, पूड हवेत पसरते. ज्वाळा मागून येईपर्यंत तिची उष्णता शोषणारा पडदा तयार असतो.

१४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या स्मरणार्थ अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या दिवशी शाळेला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून आम्ही हे सारे वर्गात दुसऱ्या दिवशी सांगितले. लायटरवाला पोरगा मागच्या बाकावर होता. म्हणाला, "सर, मग तुळयांवरचं पीठ झाडूनच काढायचं ना?" आम्ही म्हटले, "झाडलंस तर उडेल. वीज बंद करून ओल्या फडक्याने पूस." संध्याकाळी तो चाचांकडे शिडी मागायला गेला.