प्रवेशाचा उंबरठा आणि विद्यापीठांतील गळती

विद्यापीठाचा दर्जा वाढवावयाचा म्हणजे प्रवेशाची अट कडक करावयाची, असा समज सुशिक्षित घरांतून सर्रास आढळतो. प्रवेशाला अमुक टक्के गुण लागतात असें कानीं पडलें कीं तें विद्यापीठ चांगलें, आणि अट सैल असली कीं तें सुमार, असा हिशेब लोक सहज मांडतात. परंतु या हिशेबाची खर्चाची बाजू नेहमीं कोरी राहते. आंत गेलेल्या शंभरांपैकीं पदवी घेऊन बाहेर किती पडले आणि वाटेंतच गळले किती, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. रांजणाच्या बुडाला भोक असलें तर त्याचें तोंड रुंद करून पाणी टिकत नाहीं, आणि अरुंद करूनहि टिकत नाहीं. या दोन्हीं गोष्टींचा अनुभव एकाच विद्यापीठानें घेतलेला आहे. तें विद्यापीठ म्हणजे अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराचें नगर-विद्यापीठ होय.

त्याचें मूळ १८४७ सालांत आहे. टाउनसेंड हॅरिस नांवाच्या व्यापाऱ्यानें पुढाकार घेतला, शहरांतील मतदारांनीं संमति दिली, आणि फी न घेणारें एक उच्च विद्यालय १८४९ मध्यें सुरू झालें. पुढें तेंच सिटी कॉलेज या नांवानें प्रसिद्धीस आलें. युरोपांतून पोटापाण्यासाठीं आलेल्या गरीब कुटुंबांचीं मुलें तेथें फुकट शिकलीं व नांवारूपास आलीं. १९६१ सालीं शहरांतील अशीं सार्वजनिक महाविद्यालयें एका छत्राखालीं आणून नगर-विद्यापीठ स्थापन करण्यांत आलें. त्या सुमारास सिटी कॉलेजसारख्या ठिकाणीं जागा मिळण्यास हायस्कुलांत ऐंशीच्या वर सरासरी लागे. फी नव्हती, पण उंबरठा उंच होता. तो ओलांडणारांत कृष्णवर्णीयांचीं आणि प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांचीं मुलें फार थोडीं असत. कारण त्यांच्या वस्त्यांतील शाळाच मुळीं दुबळ्या होत्या.

१९६९ च्या एप्रिलांत या समाजांतील विद्यार्थ्यांनीं सिटी कॉलेजचें दक्षिणेकडील आवार अडवून धरलें. हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या शहरांतील प्रत्येकास कोठें ना कोठें जागा द्यावयाची, अशी योजना विद्यापीठानें १९७५ सालासाठीं आंखून ठेवली होती. ती १९७० मध्येंच अमलांत आणावी लागली. नव्या विद्यार्थ्यांची संख्या एका वर्षांत सुमारें २०,००० वरून सुमारें ३५,००० वर गेली. तयारीला जेथें पांच वर्षें मिळावयाचीं, तेथें एकच मिळालें. भाड्याच्या जागांत वर्ग भरूं लागले; आणि थोर ग्रंथकार शिकविण्याची संवय असलेल्या प्राध्यापकांपुढें साधा निबंध लिहितां न येणारे तरुण येऊन बसले.

या तरुणांना शिकविण्याचें काम मिना शॉनेसी या विदुषीकडे आलें. ‘हीं मुलें शिकण्याच्या लायकीचीं नाहींत’ असें म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहींत. प्रवेशाच्या वेळीं लिहिलेले सुमारें ४,००० निबंध त्यांनीं तपासले, चुकांची वर्गवारी केली, आणि १९७७ मध्यें ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. चुका आळसामुळें किंवा मठ्ठपणामुळें होत नाहींत, त्यांच्यामागें विद्यार्थ्याचा कांहीं एक तर्क असतो, आणि तो शिक्षकानें ओळखला तर त्या दुरुस्त होतात, हें त्यांनीं दाखवून दिलें. परंतु एवढ्या मोठ्या लोंढ्यास असे शिक्षक पुरणार किती? दार उघडलें, पण आंतल्या पायऱ्या बांधल्या गेल्या नव्हत्या. आंत आलेल्यांपैकीं पुष्कळ जण पदवीवांचून परत गेले. त्यांतच शहर दिवाळखोरीच्या कांठावर आलें, आणि १९७६ मध्यें १२९ वर्षांची मोफत शिक्षणाची परंपरा खंडित होऊन फी सुरू झाली.

मग लंबक दुसऱ्या टोंकाला गेला. ज्यांना प्राथमिक गणित व लेखन यांचे पूर्वतयारीचे वर्ग लागतात, त्यांना चार वर्षांच्या महाविद्यालयांत घ्यावयाचें नाहीं, असा ठराव विश्वस्तांनीं १९९८ मध्यें केला. या खेपेस मात्र कांहीं सावधगिरी बाळगण्यांत आली. ठरावाचा अंमल एकदम न करतां टप्प्याटप्प्यानें झाला. हायस्कुलांतील मुलांना शाळेंत असतांनाच महाविद्यालयीन अभ्यासाची ओळख करून देणारी ‘कॉलेज नाउ’ ही योजना १९८४ पासून एका महाविद्यालयांत चालू होती. ती शहरभर पसरविण्यांत आली. सुट्टींतील वर्गांनाहि महत्त्व आलें. असें असूनहि भोक बुजलें नव्हतें. कच्च्या विद्यार्थ्यांचा भार दोन वर्षांच्या महाविद्यालयांवर जाऊन पडला, आणि खरी गळती तेथेंच होती.

त्या गळतीवर उपाय म्हणून २००७ मध्यें ‘असॅप’ या नांवानें एक योजना सुरू झाली. तिच्यांत अलौकिक असें कांहींच नाहीं. विद्यार्थ्यानें पूर्ण वेळ शिकावें आणि कच्चे विषय आरंभींच उरकावे, ही तिची अट. त्या बदल्यांत एकेका सल्लागाराकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी असत. इतर विद्यार्थ्यांच्या बाबतींत एका सल्लागारामागें सहाशेंहून अधिक असत. सरकारी मदत मिळूनहि फीचा जो भाग उरे तो माफ होई, पाठ्यपुस्तकें मिळत, आणि भुयारी रेल्वे व बस यांचा पासहि मिळे. हा पास म्हणजे क्षुल्लक बाब वाटते. पण सल्लागाराची गांठ घेत राहिल्यासच तो मिळे, म्हणून कोण मागें पडत आहे हें वेळींच कळूं लागलें.

या योजनेची परीक्षाहि चोख झाली. २०१० पासून तीन महाविद्यालयांतील सुमारें ९०० गरीब विद्यार्थ्यांची, जणूं चिठ्ठ्या टाकून, दोन भागांत वांटणी करण्यांत आली. एका भागास ही सोय दिली, दुसऱ्यास नेहमींची. तीन वर्षांनीं नेहमींच्या भागांत शेंकडा २२ पदवीस पोंचले, तर योजनेच्या भागांत शेंकडा ४०. दर विद्यार्थ्यामागें खर्च पुष्कळ वाढला, हें खरें; परंतु प्रत्येक पदवीमागें येणारा खर्च उलट कमी भरला. गळून गेलेल्यांवर झालेला खर्च वांयां जातो, हेंच त्याचें कारण.

पूर्वतयारीच्या वर्गांविषयींहि डोळे उघडणारा अनुभव आला. २०१३ मध्यें बीजगणितांत कच्च्या ठरलेल्या कांहीं विद्यार्थ्यांना तो जुना वर्ग न देतां थेट महाविद्यालयीन संख्याशास्त्राच्या वर्गांत बसविलें व जोडीला शिकवणी दिली. जुन्या वर्गांत शेंकडा ३९ उत्तीर्ण झाले. वरच्या वर्गांत शेंकडा ५६. दुबळ्याला उंबरठ्याबाहेर थांबवून ठेवण्यापेक्षां आंत घेऊन हात देणें अधिक फलदायी ठरलें. २०२३ पर्यंत विद्यापीठानें असे स्वतंत्र पूर्वतयारीचे वर्ग बंद करून टाकले.

आतां १९७० च्या त्या मुलांचें पुढें काय झालें? त्या काळांत प्रवेश घेतलेल्या स्त्रियांचा डेव्हिड लॅव्हिन व पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनीं सुमारें तीस वर्षांनीं शोध घेतला व २००७ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्यांतील शेंकडा ७० हून अधिक जणींनीं केव्हां ना केव्हां पदवी मिळविली होती. कोणी संसार व नोकरी सांभाळून, कोणी मधली कित्येक वर्षें सोडून, पण त्या परत आल्या. शिवाय त्यांच्या मुलांचें शिक्षणहि अधिक चांगलें झालें. चार-पांच वर्षांच्या हिशेबांत ज्या ‘गळलेल्या’ म्हणून मांडल्या गेल्या असत्या, त्यांच्यामुळें घराची पुढची पिढी वर आली.

या सर्व अनुभवाचें सार असें कीं, उंबरठा वाढविण्यापूर्वीं विद्यापीठानें स्वतःची तयारी केली पाहिजे. नवी अट शाळांना कांहीं वर्षें आधीं कळली पाहिजे, व ती पुरी करण्यास शाळांना मदत झाली पाहिजे. आंत आलेल्या प्रत्येकाला नांवानें ओळखणारा कोणी तरी माणूस नेमला पाहिजे. फी, पुस्तकें व प्रवास यांच्या लहानसहान अडचणींवरून कोणाचें शिक्षण अडूं नये. शेवटीं, परत येऊं पाहणाऱ्यासाठीं दार लोटलेलें असावें, कडी घातलेली नसावी. ज्या विद्यापीठानें एवढें केलें, त्यानें अट खुशाल वाढवावी. ज्यानें केलें नाहीं, त्याची कडक अट म्हणजे आपल्या कामाचा बोजा मुलांच्या माथीं मारणें होय.