टायमिंग बेल्ट गेला की काय? आधी स्टार्टरचा आवाज ऐका

जुनी सँट्रो, मारुती 800, एस्टीम वापरणाऱ्यांनो, तुमच्या इंजिनात चेन नाही, रबरी टायमिंग बेल्ट आहे. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हे गणित तोच सांभाळतो.

चालती गाडी झटक्यात बंद पडली आणि आता स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय? कॉम्प्रेशनचा अडथळाच उरलेला नाही, म्हणजे पहिला संशय बेल्टवर. ऑइल भरायचं झाकण काढून आत टॉर्च मारा आणि कुणाला तरी क्षणभर सेल्फ मारायला सांगा. कॅम किंवा रॉकर हलत नसतील तर निकाल लागला. त्यानंतर पुन्हा सेल्फ मारू नका! ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे हेडचा खर्च वाढतो.

बेल्ट एखादा दात सरकला असेल तर निदान अवघड. गाडी सुरू होते, पण आयडलिंग खडबडीत, चढावर जीव नाही, कधी सायलेन्सरमधून फटाका. इथे बरेच मेकॅनिक प्लग आणि कॉइल बदलत बसतात. त्याऐवजी वरचं कव्हर काढा, क्रँक पान्याने फिरण्याच्या दिशेनेच दोन पूर्ण फेरे फिरवा आणि कॅम-क्रँकच्या खुणा जुळतात का पाहा.

बेल्टला ऑइल लागलं असेल तर गळका सील आधी बदला. टेन्शनर बेअरिंगची गुरगुरही ऐका. आणि सेकंडहँड गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल मागा. वरून चकचकीत दिसणारा बेल्टही वयाने संपलेला असतो.