कोंबडीचे अंडे वारंवार अडते तेव्हा

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय अन् घाटाखाली काय, अनेक अंगणांत पाच-दहा कोंबड्या असतात. आठवडी बाजारातील तेलमिठाचा खर्च पुष्कळदा अंड्यांवर निघतो व तो हिशेब घरातील स्त्रीच्या हाती असतो. त्यामुळे भरात असलेली कोंबडी अंडे अडून दगावणे ही या घरांच्या दृष्टीने लहानसहान हानी नव्हे.

गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते. तेवढा काळ तिच्या अंडनलिकेस विसावा मिळतो. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित कोंबड्या क्वचितच खुडूक बसतात आणि अंडी कितीतरी अधिक देतात. एक अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागतात. त्यांपैकी सुमारे २० तास कवच चढण्यातच जातात. एका कवचात जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम असते. अंडनलिकेचे स्नायू आकुंचन पावून अंडे बाहेर ढकलले जाते, त्यासही कॅल्शियमच लागते. पण १०० ग्रॅम मक्यात ते ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी! केवळ मका-ज्वारीवर ठेवलेली कोंबडी प्रथम हाडांतील साठा वापरते. पुढे कवच मऊ पडते आणि अंडे अडते. चुनखडीची भरड किंवा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवल्यास कोंबडी गरजेपुरता खाते. मात्र वाढत्या तलंगांना तो देऊ नये; त्यांच्या मूत्रपिंडांस अपाय होतो.

उन्हाळ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालील भागात ही तक्रार वाढणे स्वाभाविक आहे. धापा टाकताना रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, खाणेही कमी होते आणि कवच पातळ बनते. सावली, गार पाणी आणि पहाटे व सायंकाळी खाद्य, हा त्यावरील उपाय होय. फाजील चरबी हेही एक कारण आहे. लाडाने ओंजळभर दाणे टाकण्याची सवय येथे नडते.

अंडे अडलेली कोंबडी शेपटी खाली टाकून उभट उभी राहते, कुंथते, वारंवार खुराड्यात जाते. तिला पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात मागील भागापर्यंत बसवावे, गुदद्वारास गोडेतेल लावून अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. आतले अंडे फोडू नये. कवचाच्या कपच्यांनी नलिका फाटते. अंडनलिका बाहेर आली असल्यास कोंबडी तत्काळ वेगळी करावी, अन्यथा इतर कोंबड्या टोचून तिचा जीव घेतात. काही तासांत अंडे न सुटल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

अंडे एकदा सुटले म्हणजे दोष गेला, असे मात्र नव्हे. खाद्य सुधारूनही त्रास उलटत असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. लहानपणी झालेल्या संसर्गजन्य ब्राँकायटिसने अंडनलिका कायमची अधू होऊ शकते. तेथे चुनखडी निरुपयोगी ठरते. पोट फुगले, पिवळा स्राव आला तर औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे आणि त्यांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्या कोंबडीची अंडी वा मांस घरी खाऊ नये, बाजारातही नेऊ नये.

पुन्हा पुन्हा अडणाऱ्या कोंबडीची अंडी उबवणीस ठेवू नयेत. गावातील पशुसखीने अशा कोंबडीच्या पायात रंगीत दोरा बांधून तारखा टिपून ठेवल्यास, ती किती काळ ठेवायची याचा निर्णय मालकिणीला घेता येतो.