‘कबूल’ म्हणण्याआधी

२०२१ सालची गोष्ट. घाटकोपरला आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका रिक्षावाल्या पोराने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवरून आठ हजारांचे कर्ज काढले. हप्ता चुकला आणि चौथ्या दिवशी मलाच फोन! “तुमचा शेजारी चोर आहे, त्याला सांगा.” तसाच फोन मुलुंडला, त्याच्या बहिणीच्या होणाऱ्या सासरी गेला. ठरलेले लग्न मोडायची वेळ आली. पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, “चाचा, मी कुणाचाच नंबर दिला नव्हता हो.”

दिला होता. अ‍ॅप घेताना त्याने दोन बटणे दाबली होती. पहिले ‘आय अ‍ॅग्री’, म्हणजे पानेच्या पाने इंग्रजी अटी मान्य. दुसरे ‘अलाउ’, म्हणजे फोनमधली नावे-नंबरांची यादी वाचायला परवानगी. त्या यादीत मीही होतो. मला कुणी विचारले?

आमच्याकडे निकाहात वधूला मेहेरची रक्कम सांगतात, तिला समजेल अशा भाषेत विचारतात, साक्षीदार असतात. मग ती ‘कबूल’ म्हणते. ‘नाही’ म्हणायचीही तिला मुभा असते. फोनवरच्या करारात यातले काय असते? ‘नाही’ म्हणालात तर दार बंद. तरी तो करार असतोच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार रद्दबातल होत नाही.

‘घ्या नाहीतर चालते व्हा’ या पद्धतीला थोडा चाप बसू लागला आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटींवर दंड केला. अपिलात एक निर्बंध उठला, दंड मात्र राहिला.

कर्जाच्या अ‍ॅपपुरते बोलायचे तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट बजावले, की अशा अ‍ॅपने संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटोंच्या फायली यांना हात लावायचा नाही. कॅमेरा किंवा ठिकाण लागलेच तर ओळख पटवण्यापुरते, एकदाच, तेही विचारून. पण हा नियम रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या सावकारांना. चोरटी अ‍ॅप कशाला जुमानतात!

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातले एक उदाहरण मला फार आवडले. डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने संपर्कयादी मागितली आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी ती संमती धरली जाणार नाही, कारण औषधपाण्याला यादी लागत नाही. शिवाय संमतीची सूचना मराठीतही मिळण्याची सोय हवी, आणि संमती काढून घेणे देण्याइतकेच सोपे हवे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या कलमांच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. एवढी घाई कंपन्यांनी ग्राहकाला कधी माफ केली आहे का?

तोवर आपण काय करावे? फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या अ‍ॅपला कसली परवानगी आहे ते बघा. नको ती बंद करा. धमकीचे फोन आले तर १९३० वर कळवा. बेकायदा सावकाराची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर करता येते.

आमच्या पोराने त्याच दिवशी अ‍ॅप काढून टाकले. फोन थांबले नाहीत, कारण यादी आधीच गेली होती. शेवटी मी आणि त्याची आई मुलुंडला जाऊन बसलो, मुलाच्या वडिलांना सगळे समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे केला, “जरा माझ्यातही बघा ना.” त्यांच्या बॅटरीच्या अ‍ॅपलाही संपर्कयादीची परवानगी होती.