टाकीखालची टाकी

प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवलेला सहा फुटी रीफ टँक असलेल्या घरात पाहुणे येतात, क्लाउनफिश बघून ‘निमो, निमो’ करतात आणि चहाकडे वळतात. मालकाचं लक्ष मात्र टँकच्या खाली, कपाटाच्या बंद दाराकडे असतं. तिथला आवाज जरा बदलला तरी त्याचं बोलणं अर्ध्यावर तुटतं. त्या दारामागे दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात. वरच्या टँकमधून ओसंडलेलं पाणी पाइपातून संपात उतरतं, एकेका कप्प्यातून गाळलं जाऊन पुढे सरकतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. हीटर, स्किमर, चिलरच्या नळ्या, सेन्सर, सगळा पसारा खाली असतो. म्हणून वर नुसता समुद्र दिसतो.

लहान टँकला तयार संप चालून जातो. टँक आठशे लिटरच्या घरात गेला की तयार माल बसत नाही. कुठे कपाटाचा मधला खांब आडवा येतो, कुठे स्किमर उंच पडतो. मग संप करून घ्यावा लागतो. मुंबई-पुण्याकडे अ‍ॅक्रेलिकचं काम करणारे कारागीर भरपूर आहेत. दुकानांच्या पाट्या, ट्रॉफ्या, मोबाइलच्या दुकानातले स्टँड हे त्यांचं रोजचं काम, त्यामुळे हात बसलेला असतो. पण ट्रॉफीला पाणी धरून ठेवायचं नसतं. म्हणून संपाचं अर्धं काम गिऱ्हाइकाने कागदावर करून न्यावं, असं माझं मत आहे, आणि त्या कागदावर पहिला प्रश्न हवा: लाइट गेली की काय होईल?

हे गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. टँक १८० सेंटिमीटर लांब, ७५ रुंद आणि ६० उंच धरू. पोटात ८१० लिटर. पंप चालू असताना पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जिथून ते खाली ओसंडतं त्या डब्याच्या, दात्यांच्या किंचित वर असतं. पंप बंद पडला की ते वरचं पाणी खाली येणारच. या टँकची पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे साडेतेरा लिटर पाणी खाली आलं. एवढ्यावर भागत नाही. ज्या नळीतून पंप पाणी वर फेकत होता तीच आता उलटी वाहू लागते. तिचं तोंड पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल तर ते उघडं पडेपर्यंत ६७ लिटर पाणी निघून आलेलं असतं. पाइपातलं आणि ओव्हरफ्लोच्या डब्यातलं धरून ८० लिटर म्हणू. संप १२० बाय ५० बाय ४५ सेंटिमीटरचा असेल, तर ८० लिटरने त्याची पातळी १३ सेंटिमीटरहून थोडी जास्त चढते. रोजची पातळी २३ ठेवली असेल तर पाणी ३६ वर थांबतं, वर ९ शिल्लक राहतात. ‘जास्त पाणी तेवढं बरं’ म्हणून कुणी ३५ पर्यंत भरून ठेवलं, तर पहिल्याच भारनियमनात वीसेक लिटर खारं पाणी दिवाणखान्याच्या फरशीवर येईल.

यावर उपाय सांगितले जातात. नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडायचं, म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. भोकात शेवाळ साचतं, कधी गोगलगाय जाऊन बसते. व्हॉल्व्हवर चुन्याचा थर चढतो आणि नेमका हवा तेव्हा तो पुरता मिटत नाही. दोन्ही करावेत, पण हिशेब दोन्ही नाहीतच असं धरून करावा. संपात मोकळी जागा ठेवली तर ती बिघडत नाही.

अपघात उलट्या बाजूनेही होतो. खाली येणारा पाइप तुंबला, पंप चालूच राहिला, तर तो शेवटचा कप्पा उपसून वर ओततो. हा कप्पा ३० सेंटिमीटर लांबीचा असेल तर त्यात ३४-३५ लिटर पाणी असतं. तेवढ्याने वरचा टँक अडीच सेंटिमीटर चढतो. तेवढा काठ वर मोकळा हवा. कप्पा मोठा केला तर धोका वाढतो. मग लहान करावा? तर तिथे बाष्पीभवन आडवं येतं. बाकीच्या कप्प्यांची पातळी आडव्या पट्ट्यांनी बांधलेली असते, त्यामुळे उडालेल्या पाण्याची सगळी तूट या शेवटच्या कप्प्यातच दिसते. उन्हाळ्यात पंखे लावून टँक थंड ठेवणाऱ्या घरात दिवसाला आठ लिटर उडाले, तर इथली पातळी पाच सेंटिमीटरहून जास्त खाली जाते. पंप हवा ओढू लागतो आणि वरचा टँक बारीक बुडबुड्यांनी दुधाळ होतो. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या, आरओ-डीआय फिल्टरमधून काढलेल्या पाण्याची, आणि ते काम फ्लोट किंवा सेन्सरवर चालणारा ऑटो टॉप-ऑफ करतो. मोठा की लहान, हा तिढा प्रत्येक घराला आपापला सोडवावा लागतो. तयार संप सगळ्यांना बसत नाही तो यामुळेच.

कप्प्यांचा क्रम मात्र आता जवळजवळ ठरून गेला आहे. आधी फेल्टची पिशवी, फिल्टर सॉक. तिच्यात खाद्याचे कण आणि घाण अडकते. मग स्किमर. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात, फेस होऊन वर चढतात आणि कपात तपकिरी रस्सा जमतो. त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. प्रत्येक स्किमरला ठरावीक खोलीचं पाणी लागतं, बहुतेकांना १८ ते २३ सेंटिमीटर, आणि ती खोली त्या कप्प्याच्या पट्टीच्या उंचीने कायमची ठरते. म्हणून आधी स्किमर घ्यावा, मग चित्र काढावं. शंका असेल तर पाणी थोडं खोल ठेवावं. स्किमरखाली पाट सरकवता येतो, पण उथळ कप्पा खोल करता येत नाही. शिवाय कप वर उचलून काढावा लागतो, तेवढी जागा कपाटात वर हवी. हे चित्रात सहसा राहून जातं.

त्यापुढे हवा असेल तर रेफ्युजियम, म्हणजे किटोमॉर्फा नावाच्या हिरव्या शेवाळाची खोली. वरचे दिवे मालवले की इथला दिवा लावतात. त्यामुळे रात्री पाण्याचा पीएच फारसा घसरत नाही, आणि शेवाळ नायट्रेट-फॉस्फेट खात राहतं. मग तीन पट्ट्यांचा बुडबुडे अडवायचा सापळा: पाणी पहिलीवरून जातं, दुसरीखालून निघतं, पुन्हा तिसरीवरून पडतं. इथे कारागीर हमखास विचारतो, ‘फट किती ठेवू?’ अडीच सेंटिमीटरची फट साधारण चालते. ताशी चार हजार लिटर पाणी जाणार असेल तर मी चार सांगेन. फट अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो आणि ज्यांना अडवायचं तेच बुडबुडे ओढले जाऊन पुढे जातात.

हा क्रम फार जुना नाही. १९८६ साली जॉर्ज स्मिट या डच माणसाचे लेख एका अमेरिकी मासिकात आले आणि प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकवणारा वेट-ड्राय फिल्टर अमेरिकेतल्या घराघरांत गेला. पुढे कळलं की त्या गोळ्यांवर नायट्रेट तयार होतं आणि साठत जातं. मग बर्लिन पद्धतीचा बोलबाला झाला: भरपूर जिवंत खडक, म्हणजे जिवाणू वसलेले खडक, आणि दणकट स्किमर. गोळ्या कचऱ्यात गेल्या, त्यांची टाकी मात्र टिकली.

आता माल. ऑर्डर देताना शीट ‘कास्ट’ हवी असं बजावून सांगावं. कास्ट शीट दोन काचांच्या मध्ये द्रव ओतून जमवतात. एक्स्ट्रुडेड शीट यंत्रातून दाबून काढलेली असते. ती स्वस्त पडते, पण तिच्यात ताण राहून जातो आणि जोडाच्या द्रवाने तिला लवकर केसासारख्या भेगा पडतात. कास्टची जाडी मात्र छापील आकड्याशी तंतोतंत जुळत नाही. १० एमएमची शीट व्हर्नियरने मोजूनच पट्ट्यांची मापं काढावीत. अ‍ॅक्रेलिकच का, हेही विचारायला हवं. सरळ चौकोनी संप हवा असेल तर काच स्वस्त पडते, आणि सिलिकॉनने लावलेली पट्टी पुढे काढूनही टाकता येते. अ‍ॅक्रेलिकचं वजन काचेच्या निम्म्याहून कमी असतं, त्यात हवी तिथे भोकं पाडता येतात, अवघड आकार निघतात. कपाटाच्या दारातून वाकून आत सरकवायचा मोठा संप असेल तर माझं मत अ‍ॅक्रेलिकला. फक्त त्याचे जोड सिलिकॉनच्या भरवशावर सोडू नयेत, सिलिकॉन त्याला नीट धरत नाही.

खरी कारागिरी जोडात आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत त्यासाठी बहुधा क्लोरोफॉर्म वापरतात. तो गोंद नव्हे. दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि तो उडून गेला की मागे एकच तुकडा उरतो. कडा राउटरने सरळ केलेली हवी. लेझरने कापलेली कडा दिसते चकचकीत, पण तिच्यात उष्णतेचा ताण असतो आणि क्लोरोफॉर्म लागला की ती तडकते. ट्रॉफीवाल्यांना ज्योतीने कडा चमकवायची सवय असते, दुखणं तेच. कारागीर अगदी आपुलकीने विचारतो, ‘साहेब, काठ चमकवून देऊ ना?’ तेव्हा सांगावं, ‘दादा, वरचा काठ चमकवा, पण जोडाच्या जागी ज्योत नको.’

जोडताना बघावं. उभी पट्टी तळावर ठेवतात आणि तिच्याखाली बारीक तारा सरकवून केसभर फट ठेवतात. इंजेक्शनच्या सिरिंजने त्या फटीच्या कडेने क्लोरोफॉर्म सोडला की वातीत तेल चढावं तसा तो आपोआप पसरतो. अर्ध्या-एका मिनिटाने तारा एकेक करून ओढून काढतात. पट्टी आपल्या वजनाने मऊ झालेल्या कडेवर बसते. जोड साधला तर तिथे पारदर्शक रेघ दिसते. एखाददुसरा बुडबुडा चालतो. बुडबुड्यांची माळ दिसली तर काम परत करावं. दारं-खिडक्या उघड्या हव्यात, कारण या वाफा फुप्फुसांना आणि यकृताला बऱ्या नाहीत. ऐन पावसाळ्यात हे काम टाळलेलं बरं: द्रव उडताना कडा थंड होते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर बसतं आणि जोड पांढरट निघतो.

अ‍ॅक्रेलिक पाण्याने फुगतं आणि भाराने वाकतं. म्हणून संपाच्या वरच्या तोंडाला आतून सगळीकडे चार-पाच सेंटिमीटरची सपाट चौकट हवी, नाहीतर लांब बाजू पोट काढते. चौकटीतल्या कापाचे आतले कोपरे गोल असावेत. काटकोनी कोपऱ्यातूनच चीर सुरू होते.

चित्र देण्याआधी पुठ्ठ्याचं खोकं करून कपाटात घालून बघावं. बिजागऱ्या मापात धरल्या नाहीत म्हणून आत न गेलेल्या संपांच्या गोष्टी या छंदात घरटी सापडतात. वरचा टँक भरल्यावर पाणी, काच, खडक मिळून टनाच्या वर जातो, आणि राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून बांधलेला असतो. जागा ठरवताना इंजिनिअरला विचारावं. वरच्या टँकमध्ये काय पाळायचं यालाही कायदा आहे. २००१ पासून आपल्याकडचे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्रात शंभर किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरचे असोत की मालवणचे, ते तिथेच राहायचे.

संप तयार झाला की घरी आणायची घाई करू नये. कारखान्यातच सपाट जमिनीवर, जोडांखाली कोरडं वर्तमानपत्र पसरून तो काठोकाठ भरावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. कागदावर डाग दिसला तर दुरुस्ती तिथल्या तिथे होते. घरी सगळं जोडून पाणी फिरू लागलं की मेन स्विच बंद करायचा आणि पाणी कुठवर चढतं ते बघत बसायचं. दोन-तीनदा करून रोजची योग्य पातळी सापडली की संपाच्या बाहेरून तिथे पर्मनंट मार्करने रेघ मारावी आणि शेजारी ठळक लिहावं: ‘पंप चालू असताना पाणी याच्या वर नको’. मालक गणपतीला गावी गेला आणि टॉप-ऑफ अडकला, तर बादली ओतायला शेजारचे काका येणार असतात, आणि त्यांना पाणी कमी दिसलं की बादली पूर्ण रिकामी केल्याशिवाय राहवत नाही.